दोन दिवसांची विश्रांती

फार फार वर्षांपूर्वी, डोंगररांगांपलीकडच्या एका माळावर एक मेंढपाळ राहत होता. वर्षातले आठ महिने तो मेंढरांमागे परमुलखात फिरे. सोबतीला त्याचा कबऱ्या नावाचा कुत्रा. मेंढपाळ एक कोस चालला, तर कबऱ्या कळपाभोवती धावत तीन कोस तुडवी.

एकदा वाटेत भेटलेल्या कासाराने निरोप दिला, "लेक माहेरी आलीय तुझी. पुनवेला सासरी जाणार."

लेकीला पाहून दोन वर्षं झाली होती. पुनवेला दहा दिवस होते, घर सात दिवसांच्या वाटेवर. त्याने तिथूनच कळप वळवला.

भर उन्हात तापलेला कातळ त्याने तुडवला. दुसऱ्या दिवशी कबऱ्या लंगडू लागला. मुक्कामाला बसला की त्याचे पाय आखडत, उठताना तो कण्हत असे.

त्या रात्रीच्या मुक्कामाजवळ एका म्हाताऱ्या धनगरणीचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा तळ, उतरला होता. तिने कबऱ्याचा पंजा हातात घेतला. "लेकरा, तळवा सोलवटलाय याचा. बोटांच्या बेचक्यात कुसळ रुतलंय. ते काढ, कोमट पाण्यानं पाय धू, लोणी लाव. मांड्या हलक्या हातानं चोळ, घोंगडीवर निजव. दोन दिवस बसू दे. मग सकाळ-संध्याकाळच चाल, आन् रोज पंजे बघत जा."

"दोन दिवस? आजी, तेवढे दिवस लेक कमी दिसेल मला!"

"पण दिसेल तर खरी," म्हातारी म्हणाली.

तो थांबला नाही. कबऱ्याही कुरकुरला नाही. धन्याची पावलं जिकडे, तिकडे तो तीन पायांवर धावत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी कबऱ्याला उठताच येईना. पंजा सुजून टम्म झाला होता. राखण नाही म्हटल्यावर मेंढरं दरीत पांगली. ती गोळा करण्यात दोन दिवस गेले. मग मेंढपाळाने कुसळ काढलं, पाय धुतले, लोणी लावलं. सहा दिवस तो कुत्र्याशेजारी बसून राहिला. समोर आपल्या मुलखाचे निळे डोंगर दिसत होते. पुनवेचा चंद्र त्यांच्यामागून वर आला, तेव्हा त्याने मान खाली घातली.

पंधराव्या दिवशी तो दारात पोचला. अंगणात बायको एकटीच होती.

"परवा गेली," ती म्हणाली. "तुमच्यासाठी तीन दिवस जास्त राहिली. रोज टेकडीवर जाऊन वाट बघायची."

त्याने विचारलं, "जाताना काही बोलली?"

"म्हणाली, कातळ लई तापलाय. आबांच्या पायात पायताण धड हाय ना, एवढं बघ."

मेंढपाळाने आपल्या पायांकडे पाहिलं. जाड तळाचं पायताण अगदी शाबूत होतं. शेजारी कबऱ्या उघड्या पंजांवर उभा होता. त्याला जवळ ओढून मेंढपाळ लहान मुलासारखा रडला.

पुढल्या वर्षापर्यंत त्याला लेक दिसली नाही. कळप हाकताना मात्र, ऊन चढलं की तो सावलीला थांबे आणि आधी कुत्र्याचे पंजे पाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही: ज्याच्या पायांवर आपली वाट सरते, त्याच्या पायांची काळजी आधी घ्यावी.