कुंडीचा तळ

झाडं बोलत आणि माणसं ऐकत, तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या एका अंगणात मातीची एक कुंडी होती. आपल्या तळाशी जग संपतं, अशी तिची पक्की समजूत.

द्वारकाकाकूंनी तिच्यात फणसाची आठळी पेरली. शेजारचा झेंडू फुलला, तरी हिच्यात हिरवा ठिपकासुद्धा दिसेना.

"अगं, वर कधी येणार? तो झेंडू हसतोय मला," कुंडी कुरकुरली.

"आधी खाली जाऊ दे, मग येते वर," आठळी म्हणाली.

एके सकाळी आठळीचं मूळ कुंडीच्या तळाला टेकलं, चाचपडलं आणि तळाच्या भोकातून खाली उतरलं.

"काय गं, काय आहे तिथे?" कुंडीने श्वास रोखून विचारलं.

"माती. गार, ओली. जावं तितकी मातीच."

वर कोवळं पान उमललं, पण कुंडीचं तिकडे लक्षच नव्हतं.

पुढे काकू रोप परसात लावायला आल्या. मूळ भोकात घट्ट अडकलेलं. "आता मूळ तोडू की कुंडी फोडू?" त्या पुटपुटल्या.

"मला फोडा, काकू," कुंडी म्हणाली. "आणि तुकडे त्याच्याच खड्ड्यात घाला. मलाही बघू दे, जग किती खोल आहे ते."