मोरीचा उतार

एकदा गुळाचा एक व्यापारी सांधेदुखीने बेजार होऊन एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर उपचारासाठी येऊन राहिला. सोबत त्याची लेक होती. वैद्यांना अचानक परगावी जावे लागले, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या शिष्याच्या हाती सोपवले. शिष्य हुशार होता आणि ते त्याला ठाऊक होते, हीच काय ती अडचण.

सगळ्यांना देतात तीच मात्रा त्याने दिली. पण गुण येण्याऐवजी व्यापाऱ्याला गुंगी चढली, जीभ जड झाली. एका सकाळी तो लेकीलाही ओळखेना. रोग बळावला, आता मात्रा वाढवावी, असे ठरवून शिष्य खलात औषध घोटू लागला. तेवढ्यात वैद्य परतले.

त्यांनी व्यापाऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेना.

"बाई, लघवीला कितपत होतं?"

"अगदी जेमतेम, वैद्यबुवा. कालपासनं तर नाहीच म्हणा," लेक रडवेली होऊन म्हणाली.

वैद्यांनी खलातले औषध टाकून दिले.

"गुरुजी, रोगी एवढा अत्यवस्थ, आणि आपण औषधच बंद करता?"

वैद्यांनी शिष्याला मोरीपाशी नेऊन भोकात चिंधीचा बोळा अर्धवट कोंबला. "तांब्या तांब्या पाणी ओत. मध्ये थांबत जा, रोजच्यासारखं."

शिष्य मनात चरफडत ओतू लागला. पाणी जात होते, पण ठिबकत. हळूहळू ते काठावरून त्याच्या पायांवर आले.

"तांब्या मोठा झाला का रे?"

"नाही. वाट अडली आहे," शिष्य म्हणाला आणि त्याची नजर ओसरीवरच्या व्यापाऱ्याकडे गेली.

"औषध पोटात जाते ते आपण पाहतो, काम संपल्यावर ते बाहेर पडावे लागते, हे विसरतो. पुष्कळ औषधे मूत्रपिंडांच्या वाटेने जातात. ती वाट अडली, की कालची मात्रा अंगात असतानाच आजची तिच्यावर चढते. तुझी मात्रा इतरांना योग्यच होती. या देहात ती साचली आणि तिचेच विष झाले. अशाला थोडे द्यावे, अंतराने द्यावे, काही तर देऊच नये. दुखणे हटले की उतार पडला म्हणतो आपण. मोरीलाच उतार नसेल, तर पाणी उतरेल कुठून?"

वैद्यांनी आता सूज आणि लघवीकडे लक्ष वळवले. काही दिवसांनी लघवी सुटली, गुंगी ओसरली आणि व्यापाऱ्याने डोळे उघडले. "पोरी, तू जेवलीस का गं?" त्याने विचारले. दाराशी उभ्या शिष्याचे डोळे भरून आले.

त्याच दुपारी एक म्हातारी गुडघे धरत आली. शिष्याचा हात सवयीने खलाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"आजी," तो म्हणाला, "आधी सांगा, लघवीला नीट होतं ना?"