भरमूचा नवा स्पिंडल

"बसवून देणार की नाही, तेवढं सांगा."

भरमू शिरगुप्प्यांचा आवाज चढला होता. पुढ्यात नवा स्पिंडल, तेलकट कागदात बाळासारखा गुंडाळलेला. माझ्याच दुकानातून गेलेला. विकलेला माल कुठं बसतो ते बघायची मला खोड आहे, म्हणून मीही सोबत शिरगुप्प्यांच्या शेडात गेलो होतो.

मशीनकाम शिकवणारे मुल्लाणी वस्ताद कागदाचं टोक उलगडून बघत होते...

शिरगुप्प्यांचा पशुखाद्याचा कारखाना आता मुलं बघतात. घरामागच्या या शेडात शिरगुप्प्यांनी एका बंद गिरणीतलं, धातू कापायचं जुनं मिलिंग मशीन आणून ठेवलंय, निव्वळ हौसेसाठी. वडिलांच्या विहिरीवर होतं तसंच, पण तळहाताएवढं इंजिन करायचं, आणि ते चालवून दाखवायचं. मशीन वस्तादांनीच पसंत केलेलं, शिकवलंही त्यांनीच.

वस्तादांचा नेम कडक. शिकणाऱ्यानं धातूचा ठोकळा बांधलेलं मशीनचं टेबल हातानं चाक फिरवूनच सरकवायचं. ऑटो फीडचं हँडल असतं, ते ओढलं की टेबल आपोआप सरकतं. त्याला शिवायचंसुद्धा नाही. आधीचा एक शिकणारा शिवला, तर त्याला वस्तादांनी हातातल्या चहाच्या कपासकट आपल्या वर्कशॉपबाहेर काढलं होतं. तो अजून माझ्या दुकानात येतो आणि हा किस्सा कौतुकानं सांगतो. कप परत केला की नाही, ते मात्र सांगत नाही.

शिरगुप्प्यांनी नेम पाळला. पण इंजिन काही होईना. मोटर बदलली, बेअरिंगं बदलली. मी हसत हसत दिली. आता कटर पकडून फिरणारा स्पिंडलच बदलायचा होता.

"हे बघा." त्यांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा वस्तादांसमोर आदळला. इंजिनाचं अंग व्हायचं होतं त्याचं. वरच्या बाजूला लाटाच लाटा, वाकड्यातिकड्या. "स्पिंडल थरथरतो. तुमच्या पसंतीचं मशीन हे."

वस्तादांनी लाटांवरून अंगठा फिरवला.

"स्पिंडल?"

"मग काय?"

"परत बोल."

"स्पिंडल थरथरतो, वस्ताद. वयामुळं तुम्हाला दिसत नसेल."

मी चहात बघत राहिलो. शिरगुप्प्यांच्या कपात चहा अर्धाच होता. वर्षभर झालं, ते अर्धाच घेतात, तोही कुणी बघत नसताना. गिऱ्हाइकाच्या हातांवर नजर ठेवणं हा दुकानदाराचा धर्मच. पण मी कधी बोललो नव्हतो.

वस्ताद उठले. तोच ठोकळा लावला. तोच कटर, तोच जुना स्पिंडल. मशीन सुरू केलं, आणि स्वतःच्या हातानं ऑटो फीडचं हँडल ओढलं.

टेबल आपोआप सरकत गेलं. थांबलं तेव्हा ठोकळ्याच्या अंगात वरचा दिवा दिसत होता.

शिरगुप्प्यांनी उजवा हात खिशात घातला.

"तुम्हाला माहीत होतं."

"चहा अर्धा घ्यायला लागलास, तवापासनं."

मग शिरगुप्प्यांचा बांध फुटला. इतके दिवस बोलला का नाहीत, या दुकानदारापुढं माझा तमाशा का मांडला, डॉक्टर म्हणतो हाताची थरथर वाढतच जाणार, उद्याच मशीन भंगारात घालतो... शेडाचे पत्रे हलले असते, असं बोलले. वस्ताद ऐकत होते. कपाळावरची शीर तटतटली होती.

"आणि हँडल ओढून झालेलं इंजिन मला नको," शिरगुप्पे शेवटी म्हणाले. "मला ते माझ्या हातानं करायचं होतं. हातच गेले माझे."

"गेले?"

"गेले."

वस्तादांनी खाडकन हँडल मागं ढकललं. चाकाची मूठ स्वतः पकडली.

तेव्हा मला दिसलं. ऐंशी उलटलेला तो हात कोपरापासून थडथड उडत होता. मूठ चाकावर खडखड वाजत होती. वस्तादांनी दात आवळले आणि चाक फिरवत राहिले. कीस पडत गेला. आरशासारख्या त्या अंगावर लाटा उठल्या, शिरगुप्प्यांच्या लाटांहून खोल.

मशीन बंद झालं. वस्तादांनी ठोकळा काढला आणि शिरगुप्प्यांच्या छातीवर दाबला.

शिरगुप्प्यांचा हात खिशातून बाहेर आला. त्यांनी लाटांवरून अंगठा फिरवला... बराच वेळ.

मी माझा स्पिंडल गुपचूप काखोटीला मारला.

"वस्ताद, हे तर..."

"बघत काय बसलास?" वस्ताद कडाडले. "ठोकळा उलटा कर, चाक धर. दुसरी बाजू राहिलीय."