पाठीला पाठ

“मग दमेकऱ्यांना पंप सोडायला सांगू की नको, गुरुजी?”

सुहास कारदगेनं तिसऱ्यांदा विचारलं. गारगोटीतला योगाचा सकाळचा वर्ग नुकताच सुटला होता. हुपरीकर गुरुजी सतरंज्या गोळा करत होते.

सुहासचं कोल्हापुरात मोठं योगोपचार केंद्र होतं. प्रत्येक शिबिरात तो आपली गोष्ट सांगे. दहाव्या वर्षी दम्यानं निळा पडणारा पोरगा, गारगोटीचे गुरुजी, आणि नंतरची पस्तीस वर्षं औषधाशिवाय. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

गेल्या श्रावणात दमा परतला होता. आता श्वासाचा पंप कायम खिशात असे. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

“कुणाला सांगितलंस का सोडायला?”

“एका बाईंना... परवा त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.”

“आता कशा आहेत?”

“सावरल्या. पण गुरुजी, आपल्या साधनेत बळ असेल तर...”

गुरुजींनी सतरंजी झटकली. धूळ उडाली.

सुहासला ठसका लागला. मग छातीतून शिट्टी वाजू लागली. तो भिंतीला टेकला. हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. ज्यांनी आपल्याला श्वास घ्यायला शिकवलं, त्यांच्यासमोर हे काढायचं?

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा पंप काढला, हलवला, तोंडात धरून शांतपणे एक झुरका ओढला. वर्गापूर्वी पाणी प्यावं, तितक्या सहज.



“घे तुझा,” गुरुजी म्हणाले.

त्यानं घेतला.

गुरुजींनी त्याला भिंतीपासून दूर सतरंजीवर बसवलं आणि ते त्याच्यामागं बसले. पाठीला पाठ लावली. ती आता हाडकुळी झाली होती.

आणि सुहासला ते सगळं आठवलं. सारवलेली जमीन, पातेल्यातली निलगिरीची वाफ, दारात पदर तोंडाशी धरून उभी असलेली आई. तेव्हाही गुरुजी असेच मागं बसत. त्यांची पाठ सावकाश फुगे, सावकाश ओसरे. थोड्या वेळानं त्याची छातीही त्याच चालीनं हलू लागे. त्या दिवसांत आई घरी परतताना वाटेत गाणं गुणगुणायची. कितीतरी वर्षांत ते गाणं त्याला आठवलं नव्हतं.

शिट्टी थांबली. बाहेर कुणीतरी सायकल लावून गेलं. दोघं तसेच बसून होते.

“गुरुजी, तुम्हाला... कधीपासून?”

“तू यायचास त्याच्याही आधीपासून.”

सुहासनं हातातला पंप खिशात ठेवला.

“मग मी बरा कसा झालो होतो?”

“बरा कुठं झाला होतास, बाळा? तुला दम्याची भीती वाटेनाशी झाली होती.”