अकराव्या घराची हाळी

खूप खूप आधीची गोष्ट आहे. किती आधीची, तर ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ती कुणीतरी सांगितली होती, आणि त्या कुणीतरीलाही ती कधीची ते माहीत नव्हतं.

एका उंच डोंगराच्या उतारावर अकरा घरांचं एक गाव होतं. अकराच. एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्या असतात ना, तशी. सगळ्यात वर पहिलं घर, सगळ्यात खाली ओढ्याच्या काठाला अकरावं. आणि तिथं थंडी पडायची. आता थंडी म्हणजे आपल्यासारखी नाही हां, की कपाटातून स्वेटर काढला, दोन दिवस मिरवला आणि धुवायला टाकला. तिथं हंड्यातल्या पाण्यावर सायीसारखा बर्फ धरायचा. तो आधी फोडायचा, मग तोंड धुवायचं. खालच्या दोन घरांवर तर समोरच्या डोंगरामुळं दोन महिने ऊनसुद्धा पडायचं नाही.

थंडी लागली की गावातले तरणे पुरुष मेंढरं घेऊन खालच्या उबदार रानात जायचे, ते झाडांना पालवी फुटल्यावर परत यायचे. मागं राहायच्या बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं.

या गावाची एक रीत होती. सकाळी उजाडलं की प्रत्येक घरानं आधी चूल पेटवायची. चूल पेटली की दारात यायचं. मग पहिल्या घरातली आजी खालच्या घराला हाळी द्यायची, "थंडी कशी आहे?" दुसऱ्या घरानं म्हणायचं, "कालच्यापेक्षा कमी." मग दुसऱ्यानं तिसऱ्याला विचारायचं, तिसऱ्यानं चौथ्याला, असं करत हाळी पार ओढ्यापर्यंत उतरायची. उत्तर मात्र सगळ्यांचं एकच. दारातला कुत्रा गारठून मेला असला तरी कालच्यापेक्षा कमीच.

अकराव्या घरात घोंगड्या विणणारे एक आजोबा राहायचे. एकटेच. त्यांच्या खाली कुणाचं घर नव्हतं, त्यामुळं त्यांना विचारायला कुणी नव्हतं, नुसतं उत्तर द्यायचं. म्हणून ते उत्तराला रोज एक शेपूट जोडायचे. "कालच्यापेक्षा कमी, आणि माझ्या तर नाकावर ऊन आलंय." कुठलं ऊन अन् कुठलं काय. पण दहाव्या घरातली सासू ते ऐकून रोज हसायची आणि हसत हसत भाकरी थापायला बसायची.

त्या दहाव्या घरात त्या वर्षी नवी सून आली होती. खालच्या उबदार मुलखातली. पहिलाच हिवाळा, नवरा मेंढरांमागं गेलेला, आणि त्यात सासूला ताप भरला. सासू अंथरुणातून म्हणाली की आता हाळी तुझ्याकडे, चुकवू नकोस. सून हो म्हणाली. पण तिला ते सगळं वेडेपणाचं वाटायचं. रोज थंडी वाढतेय, आणि हे रोज कमी म्हणतात? स्वतःलाच फसवायचं?

चारपाच दिवस तिनं दिली कशीबशी हाळी. मग एके सकाळी ती गोठ्यात गेली तर तिचं लाडकं करडू कडक होऊन पडलेलं. माहेरून आणलेल्या शेळीचं करडू. तिनं ते पदरात घेतलं, चोळलं, चुलीपाशी नेलं. काही उपयोग झाला नाही. आणि नेमकी तेव्हाच वरून नवव्या घरातल्या काकूंची हाळी आली, थंडी कशी आहे?

सून दारात आली आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा जास्त. खूप जास्त."

वर काकू दारातच थबकल्या.

मग तिनं खाली पाहिलं. धुक्यात आजोबांचं घर जेमतेम दिसत होतं. तिला वाटलं, या म्हाताऱ्या जिवाला कशाला रोज उंबऱ्यात उभं करायचं, नुसतं खोटं बोलायला? तिला खरंच कळवळा आला हो. वाईट मनानं तिनं काहीच केलं नाही. ती ओरडली, "आजोबा, फार थंडी आहे. उठू नका, दारात येऊ नका. उबेत पडून राहा."

खालून थोड्या वेळानं आवाज आला, "बरं, पोरी."

त्या दिवशी उत्तराला शेपूट नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? वरच्या घरांना जणू परवानगीच मिळाली. दुसरं घर म्हणालं, जास्त. तिसरं म्हणालं, आमच्याकडे त्याहून जास्त. चौथ्या घरानं सांगितलं की त्यांच्या हंड्याला तडा गेला. पाचव्याला ते सहन होईना, त्यांचे म्हणे दोन हंडे फुटले. सहाव्यानं तर यंदा सगळे मरणार असं जाहीर करून टाकलं. नवव्या घरातल्या काकू, ज्यांचं एरवी कुणाशीच पटायचं नाही, त्यांचं या बाबतीत सगळ्यांशी पटलं. सकाळभर नुसती रड वरून खाली, खालून वर. आणि इतकं वाईट ऐकल्यावर परत पांघरुणात शिरण्यावाचून माणूस दुसरं काय करणार? चुली उशिरा पेटल्या. काही पेटल्या, काही नुसत्या धुमसल्या.

तिसऱ्या दिवशी पहिल्या घरातल्या आजीनं हाळी दिलीच नाही. काय विचारायचं, कळलंय की सगळं.

गावात एवढी शांतता पसरली की सुनेला गोठ्यातल्या शेळीचं रवंथ घरात ऐकू यायला लागलं. सासूनं तापातच विचारलं की हाळी दिलीस का. सून हो म्हणाली. खोटं नको म्हणून सुरुवात केली होती, आणि आता अंथरुणातल्या सासूशीच खोटं बोलत होती. ती कामाला लागली, पण हातातून तवा निसटला, दूध उतू गेलं. तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरलोय. काय विसरलोय ते मात्र आठवेना.

दुपारी धुकं उठलं आणि तिनं खाली पाहिलं.

आता बघा, थंडीत छपरावर दव गोठून पांढरं होतं. पण खाली चूल पेटलेली असली की धुराड्याभोवतीचं वितळतं आणि छपरावर काळा डाग दिसतो. वरच्या सगळ्या घरांवर असा डाग होता, कुठं मोठा, कुठं लहान. अकराव्या घराचं छप्पर मात्र सबंध पांढरं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे चूल आजची विझलेली नव्हती. कालची, कदाचित परवाची.

उठू नका, असं कोण म्हणालं होतं? तीच म्हणाली होती.

तिनं खापरात चार निखारे घेतले, वर राख टाकली, लाकडाची मोळी पाठीला बांधली आणि वाट धरली. वाट कसली, बर्फाची घसरगुंडीच. ती मनात एकच म्हणत होती, आजोबा जिवंत असू देत, असू देत, असू देत. अर्ध्या वाटेत पाय सटकला. मोळी बर्फात, ती बर्फात, आणि खापरातले निखारे चर्र करत बर्फात. तिनं उघड्या हातानं चाचपलं. राखेखाली एक निखारा लाल होता. एकच. तो राखेसकट ओंजळीत धरून फुंकर घालत घालत ती उरलेली वाट उतरली. हात भाजत होते आणि बोटं गारठत होती, दोन्ही एकदम.

दार गोठून चौकटीला चिकटलं होतं. तिनं खांद्यानं तीन धडका दिल्या तेव्हा ते उघडलं.

आत आजोबा तीन घोंगड्यांखाली पडले होते. ओठ निळे, डोळे अर्धवट उघडे. ती जवळ बसली, हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला ओठ हलले.

"तूच म्हणालीस ना, उठू नका."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

ते हळूहळू, थांबत थांबत जे बोलले ते असं, की पहिल्या दिवशी पडून राहणं बरं वाटलं. हाळी येणार नाही म्हटल्यावर चुलीची घाई राहिली नाही. मग सरपण आणायला परसात जायचं राहिलं. मग उठायचंच राहिलं. एकदा अंगातली ऊब गेल्यावर उठू म्हटलं तरी पाय उठेनात.

सुनेनं चुलीत निखारा ठेवला. पण तिची मोळी बर्फात भिजलेली. नुसता धूर. ती परसात गेली, तर आजोबांचं सरपण बर्फाखाली गाडलेलं. निखारा काळा पडायला लागला. तिनं आजोबांची लोकर विंचरायची जुनी लाकडी फणी मोडून त्यावर ठेवली, त्यावर बारीक ज्योत धरली. पण ती किती टिकणार? कोरडं लाकूड हवं होतं आणि माणसं हवी होती. लगेच.

ती दारात आली आणि जीव खाऊन ओरडली, "धावा, आजोबा मरतायत."

वर कुणी हललं नाही. ऐकू गेलं नाही असं नाही. नवव्या घरात गेलं, आठव्यातही गेलं. पण दोन दिवस अख्खं गाव हेच ओरडत होतं, मरतोय, मेलो, संपलं सगळं. त्यात ही एक हाक आणखी. काकूंनी म्हणे कूस बदलली आणि त्या पुटपुटल्या, मरतोय तर आम्हीसुद्धा.

सून परत ओरडली. घसा फाटला. काही नाही. मागं आत फणी जळत संपत आली होती.

आणि मग तिला काय सुचलं कुणास ठाऊक. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि हाळी दिली, "कालच्यापेक्षा कमी!"

झालं. नवव्या घराचं दार खाडकन उघडलं. डोक्यापर्यंत गोधडी गुंडाळलेल्या काकू तरातरा बाहेर आल्या.

"कोण गं ती? कमी? कुठं कमी? डोकं फिरलंय का? आणि तुला विचारलं कुणी?"

"काकू, खाली बघा. आजोबांची चूल विझलीय. कोरडं सरपण आणा, सगळ्यांना घेऊन या."

काकूंनी खाली पाहिलं. पांढरंधोप छप्पर त्यांनाही दिसलं. त्यांचा सगळा ताव उतरला. त्या वळल्या आणि आठव्या घराला अशी हाक मारली की तिथलं म्हातारं जोडपं दचकून उठलंच. आठव्यानं सातव्याला उठवलं, सातव्यानं सहाव्याला. हाळी पहिल्यांदाच खालून वर चढली. थोड्या वेळात त्या निसरड्या वाटेवरून बायका, म्हातारे, लेकरं एकमेकांचे पदर आणि हात धरून उतरायला लागली. कुणाच्या हातात सरपण, कुणाकडे निखारे, कुणाकडे गरम पेज. सहाव्या घराचे मामा, सगळे मरणार म्हणाले होते ना, तेच सगळ्यात मोठं ओझं घेऊन आले.

फणीचा शेवटचा दात जळत होता तेव्हा पहिलं कोरडं लाकूड त्यावर पडलं.

आजोबा वाचले. पण डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली ती पडलीच, ती गेली. त्याला काही इलाज नव्हता. सून रोज त्यांच्या पायाला कोमट तेल लावायची आणि मान वर करायची नाही. एकदा मात्र तिनं विचारलं, की आजोबा, पण ते खोटंच होतं ना? थंडी तर रोज वाढतच होती.

आजोबा म्हणाले, "थंडी किती आहे ते माझ्या हाडांना कळतं की, तुला कशाला विचारू? पण पोरी, ते खोटं बोलायलासुद्धा मला आधी उठावं लागायचं, चूल पेटवावी लागायची, आणि तुझ्या सासूला हसू येईल असं काहीतरी शोधावं लागायचं. तेवढ्यात सकाळ निघून जायची. अशा सकाळी जोडत जोडत मी सत्तर हिवाळे काढले."

त्या संध्याकाळी तिनं सासूला सगळं खरं सांगितलं. सासू एवढंच म्हणाली, उद्या चूल लवकर पेटव.

दुसऱ्या दिवशी थंडी आणखी वाढली होती. खरंच वाढली होती. ओढा तळापर्यंत गोठला होता. सुनेनं चूल पेटवली, दारात आली आणि वरच्या कुणाची वाट न बघता आधी खाली हाळी दिली.

"आजोबा, थंडी कशी आहे?"

उत्तर आलं नाही. धुक्यात काही दिसत नव्हतं. पदराचं टोक तिनं इतकं पिळलं की शिवण उसवली. आणि मग खालून काठीचा आवाज आला. टक. टक. टक. दाराची कडी वाजली.

"कालच्यापेक्षा कमी," आजोबा म्हणाले, "आणि जी दोन बोटं गेली, त्यांना तर आता मुळीच वाजत नाही."

सून हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तसंच ओल्या डोळ्यांनी तिनं वर पाहिलं आणि नवव्या घराला हाळी दिली. काकूंनी कुरकुरत का होईना, आठव्याला दिली.

तेव्हापासून त्या गावात हाळी खालून सुरू होते, ज्याच्या घरावर ऊन सगळ्यात उशिरा येतं त्याच्यापासून. आणि अकराव्या छपरावरचा काळा डाग दिसल्याशिवाय वरच्या कुणाच्याही घरी भाकरी थापत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा: धीर चुलीसारखा रोज सकाळी नव्यानं पेटवावा लागतो, आणि पेटला की लगेच शेजाऱ्याला हाक मारावी लागते.