सरदारांची नाडी

पेठेतल्या सावकारी पेढ्या तपासायचं काम राजाने तिमाजीपंतांकडे दिलं होतं. एकदा भर दरबारात सरदार सर्जेराव मिशीला पीळ देत म्हणाले, "पंत, कुठली पेढी डळमळते आहे ते सांगा. रयतेपासून लपवता कशाला?"

पंतांना धोका ठाऊक होता. नाव फुटलं असतं, तर ठेवी काढायला झुंबड उडून सावरू लागलेली पेढीही संध्याकाळपर्यंत बुडाली असती.

"सांगतो," ते शांतपणे म्हणाले. "पण आधी राजवैद्यांना बोलवा. काल त्यांनी तुमची नाडी पाहिली. काय आढळलं, तेही रयतेला कळू दे."

सर्जेरावांचा चेहरा उतरला. "वैद्यांना असलं विचारू नये," ते पुटपुटले.

"मग काय विचारावं?" राजाने हसत विचारलं.

"किती रोगी बरे केले, किती दगावले," पंत म्हणाले. "पेढ्यांचाही तसा हिशेब, किती सावरल्या नि किती बुडाल्या, मी चावडीवर देईन, महाराज. चुकलो तर शिक्षा करा."

राजाने मान डोलावली. सर्जेरावांनी त्याहून जोरात डोलावली.