ढग खाणारी शेळी

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचं तर होडीवाल्याची मनधरणी करावी लागे. एका राज्यात अशीच एक रुंद नदी होती आणि तिच्यावर एक नावाडीण होडी चालवायची. बाई भारी बडबडी. होडीत कुणी नसलं तर ती वल्ह्याशी गप्पा मारायची.

एका वर्षी लांबच्या डोंगरातले झरे आटले. तिथली माणसं शेळ्या आणि पोरंबाळं घेऊन खाली उतरली आणि नदीपलीकडच्या पडीक जमिनीवर राहिली. त्यांची भाषा वेगळी होती. आठ दिवसांत शेजारच्या गावाशी पाण्यावरून भांडण जुंपलं. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना, म्हणून ते मिटेचना.

राजाने दोन्हीकडच्यांना बोलावलं. एका फिरत्या व्यापाऱ्याला दोन्ही भाषा थोड्याफार येत होत्या, त्याच्या तोंडून राजाने डोंगरवाल्यांना सांगितलं, "वर्षभर राहा. तोवर तुमची मुलं आमच्या भाषेत बोलायला लागली, तर जमीन तुमची. नाही बोलली, तर तुम्हाला पुढची वाट धरावी लागेल."

मुलांना शिकवायचं काम दरबारच्या शास्त्रीबुवांकडे आलं. बुवा विद्वान होते आणि मेहनतीही होते, हे आधीच सांगितलेलं बरं. पण त्यांनी पहिल्या दिवशी पाठ दिला तो असा: सिंहासन, मुकुट, छत्र, चामर, अंकुश. ज्या मुलांनी जन्मात हत्ती पाहिला नाही, त्यांना अंकुशाचं काय कौतुक? सहा महिने गेले. एकाही मुलाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

नावाडीण हे रोज पाहत होती. पाठशाळेला जाताना होडीत मुलं आपल्या भाषेत चिमण्यांसारखी कलकलाट करायची आणि पाठशाळेचा काठ आला की गप्प व्हायची. तिला वाटायचं, ही पोरं बोलली नाहीत तर पुन्हा घर उचलून कुठे जाणार?

एकदा तिने त्यांना राजवाड्यातल्या सात राण्यांची गोष्ट सांगायला घेतली. मुलं पाण्याकडे बघत बसली. नावाडीण खट्टू झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत लहान मुलगी, तिला सगळे बारकी म्हणत, आपली शेळी घेऊनच होडीत चढली. काळी शेळी, एक कान पांढरा. शेळीने आल्याआल्या नावाडणीच्या फडक्यातली भाकरी मटकावली. मुलं घाबरून बाईकडे बघू लागली. बाई मात्र खदखदून हसली आणि शेळीकडे बोट दाखवून म्हणाली, "एक होती शेळी. काळी शेळी, पांढरा कान."

मुलांनी कान टवकारले. ही तर आपलीच शेळी!

"शेळीने भाकरी खाल्ली." बाईने रिकामं फडकं झटकून दाखवलं. "पोट भरलं नाही. तिने दोरी खाल्ली. पोट भरलं नाही. मग तिने पाण्यात पाहिलं. पाण्यात होता एक पांढराशुभ्र ढग. शेळी वाकली, तिने तोंड उघडलं, आणि..."

होडी काठाला लागली.

"चला, उतरा आता."

कुणी उतरेना. बारकीने बाईचा पदर धरला आणि हळूच म्हणाली, "आणि?"

त्या मुलांनी उच्चारलेला या राज्याच्या भाषेतला तो पहिला शब्द! नावाडणीचे डोळे भरून आले. पण बाई वस्ताद होती. "आणि उद्या," असं म्हणून तिने दोरी बांधली.

तेव्हापासून रोज एक नवी गोष्ट होऊ लागली. ती कुठून आणलेली नसे. मुलांच्याच शेळ्या, त्यांच्याच आया, त्यांचीच आदल्या दिवशीची मारामारी. काठ आला की गोष्ट थांबे आणि पुढचं हवं असेल त्याने विचारायचं, हा नियम होता. वल्हं मारता मारता बाईने एक गाणंही रचलं:

"ये गं शेळी, खाली बघ,
पाण्यात पडला आख्खा ढग.
ढग खाल्ला, पोट भरलं,
सांग आता काय उरलं?"

मग एकेकाने ओरडून सांगायचं. "झाड उरलं!" "मासा उरला!" "शास्त्रीबुवांची शेंडी उरली!" अशी होडी डुलत डुलत पैलतीर गाठायची.

शास्त्रीबुवांच्या कानावर हे गेलं. तणतणत ते काठावर आले. "ढग खाणारी शेळी? कुठल्या ग्रंथात आहे ही?"

"ग्रंथात कुठली असायला, बुवा? माझ्या होडीत आहे," बाई म्हणाली.

तोंडाने उत्तर दिलं खरं, पण त्या दिवसापासून तिच्या मनाला घोर लागला. आपल्या थट्टामस्करीपायी पोरांचं घर तर बुडणार नाही ना?

वर्ष सरलं. दरबार भरला. एका बाजूला डोंगरातली माणसं जीव मुठीत धरून उभी होती. दाराशी नावाडीण होती.

शास्त्रीबुवांनी विचारलं, "मुलांनो, सिंहासनाला आणखी कोणते शब्द आहेत?"

मुलं गप्प. बुवांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. राजाने खिन्न होऊन मान हलवली आणि निकाल सांगायला हात वर केला.

तेवढ्यात बारकी पुढे आली. तिने दाराकडे पाहिलं. नावाडणीने हवेतच वल्हं मारल्यासारखे हात हलवले. बारकीने श्वास घेतला.

"महाराज, एक होती शेळी. तिच्या डोंगरातलं पाणी आटलं. ती चालत चालत नदीवर आली. अलीकडे दगड होते. पलीकडे गवत होतं, पण तो काठ राजाचा. शेळी होडीत बसली. निम्मी नदी झाली. तेवढ्यात राजा काठावर आला. त्याने हात वर केला, आणि..."

आणि बारकीने तोंड मिटलं.

राजा सिंहासनावरून पुढे सरकला.

"आणि?"

बारकी हसली. "पुढचं मला कसं ठाऊक, महाराज? हात तुमचा आहे. तुम्हीच सांगा."

राजाने वर उचललेल्या आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो इतका मोठ्याने हसला की छपरावरची कबुतरं उडाली. "आणि राजा म्हणाला, ये गं शेळी, उतर खाली. आजपासून हा काठ तुझाच!"

मग काय विचारता! मुलांनी एकच गलका केला. मुलांनी आपल्या माणसांना राजाचा शब्द समजावून सांगितला, तशा बाया रडायला लागल्या, म्हातारे नाचायला लागले. शेजारच्या गावाचा पाटील पुढे झाला आणि पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या ते मुलांच्या तोंडून तिथल्या तिथे ठरलं. हे कुणी शिकवलं, असं राजाने विचारताच मुलांनी नावाडणीकडे बोट दाखवलं; राजाने तिलाच मुलांची गुरू नेमलं आणि पाठशाळा होडीतच भरेल असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा धोतर सावरत होडीत चढले आणि मुलांमध्ये दाटीवाटीने बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, त्या शेळीने ढग खाल्ला, आणि?"

"ते आता पोरं सांगतील, बुवा," नावाडीण म्हणाली आणि तिने होडी पाण्यात लोटली.

तात्पर्य: मुलाला भाषा द्यायची असेल तर त्याच्याच अंगणातली नवी गोष्ट रचून सांगा आणि पुढची त्याला रचू द्या.